तिसऱ्या बंकवरचा दिगू

९ नोव्हें., रवि.
सकाळपासून उशा. बारा बंक, बारा उशा, एकेक तांदळाच्या कणीएवढी. चिमट्यातून एक उडाली ती गेलीच. सुनंदा केर काढताना म्हणाली, "यातलं तुमचं काय आणि कचरा काय, ते एकदा सांगून ठेवा." अडतीस वर्षांच्या संसारात बायकोने विचारलेला हा सगळ्यात रास्त प्रश्न.
पाणबुडीचं मॉडेल दोन फुटांचं होणार. किट लेकीने पाठवलेलं, चार वर्षं माळ्यावर पडून होतं. मार्चमध्ये दिगू म्हणाला, काढ. वाटणी ठरली, आतलं सगळं माझं, बाहेरचं रंगकाम दि.चं. किटमध्ये उजव्या बाजूसाठी दोन कवचं आहेत, एक काळं, एक पारदर्शक. आपण पारदर्शकच लावायचं. नाहीतर या उशा कोणासाठी?

२२ नोव्हें., शनि.
दि. कात्रजहून वारज्याला आला, मुद्दाम काम बघायला. आतलं स्वयंपाकघर पाहून मान हलवली. "चुकलंय. आमच्या वेळी ते पुढे होतं, टॉर्पेडोंना लागून. मी तिसऱ्या बंकवर. कांद्याच्या वासाने जाग यायची."
किटच्या कागदावर स्वयंपाकघर पार मागे आहे. पण कागद छापणारे कधी आत झोपले होते? दि. झोपलाय. कंपनीत लागण्याआधी सात वर्षं नेव्हीत, पाणबुडीवर. पुढे बत्तीस वर्षं आमचे ड्रॉइंग बोर्ड शेजारी-शेजारी. डबा खाताना त्या सात वर्षांतला दिवस न् दिवस मी ऐकलाय.
चिकटवलेलं स्वयंपाकघर ब्लेडने सोडवलं. मधली भिंत कापली. आयुष्यात ड्रॉइंगबाहेर एक रेघ मारली नाही. आज मारली, दि.च्या शब्दाखातर.

७ डिसें., रवि.
दि.चा वाढदिवस. जेवायला बोलावलं आणि भिंग हातात दिलं. तिसऱ्या बंकवर आडवा झालेला माणूस, सव्वा सेंटिमीटरचा, मिशीसकट. मिशीला ब्रशचा एक केस पुरला.
बराच वेळ भिंग डोळ्याला. मग, "वश्या, हे कशाला केलंस रे?" डोळे भरलेले. जुने दिवस आठवले असणार.
बासुंदीला थांबला नाही. आता दोन दिवस आम्हीच खातोय.

२६ डिसें., शुक्र.
आमच्या मॉडेलवाल्या ग्रुपचं प्रदर्शन १० तारखेला, सदाशिव पेठेत, शाळेच्या हॉलमध्ये. उद्घाटनाला नेव्हीतून निवृत्त झालेले एक साहेब, वीस वर्षं पाणबुडीत काढलेले. दि.ला लगेच फोन. म्हटलं, तुझ्या बिरादरीचा माणूस येतोय, होऊ देत गप्पा!
त्याने आधी साहेबांचं नाव विचारलं. मग म्हणाला, "रंग उरकायला हवा. उद्याच आणून दे."
या वयात हा उत्साह. मानलं.

३ जाने., शनि.
लिहवत नाही, पण लिहितो.
पाणबुडी आणायला कात्रजला गेलो. दि.ने काळं कवच लावलंय. नुसतं लावलं नाही, चिकटवून, शिवण पुट्टीने भरून, घासून, वर रंगाचे तीन हात. नख फिरवलं तरी जोड लागत नाही. काम अप्रतिम, तेच तर.
"पाणबुडी बंदच शोभते रे."
"आणि आतलं?"
"आपल्याला माहितेय ना आत काय आहे."
दहा महिने! शैलावहिनींनी आणलेला चहा तसाच ठेवला आणि खोका उचलला. रिक्षात मांडीवर घेऊन बसलो, तोंड दुसरीकडे करून. घरी सु. म्हणाली, "छान दिसतेय की." तिच्यावर खेकसलो. तिचा काय दोष.
मत्सर आहे हा. लोक आतलंच बघत उभे राहतील आणि बाहेरच्या रंगाला कोण विचारतो, म्हणून. दुसरं काय कारण असणार?

५ जाने., सोम.
दि.चे तीन मिस्ड कॉल. असू देत.

१० जाने., शनि.
दि. आलाच नाही. पोट बिघडलं म्हणे.
आमच्या टेबलापाशी लोक "फिनिशिंग बघा" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. पाहुणे साहेब मात्र थांबले. राहवेना, फोनवरचे आतले फोटो दाखवले. त्यांनी एकेक मोठा करून पाहिला.
"काका, हातात कला आहे तुमच्या. पण स्वयंपाकघर टॉर्पेडोंजवळ? असं कोणी सांगितलं?"
"माझा मित्र होता पाणबुडीवर. सात वर्षं."
"कोणत्या?"
"ते गुप्त असतं ना. नाव कधी सांगितलं नाही त्याने."
साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाव गुप्त नसतं, काका. आमचा माणूस ते सगळ्यात आधी सांगतो."
मग रंगाबद्दल काहीतरी विचारत राहिले, मला सावरायला वेळ मिळावा म्हणून. मी हो हो म्हणत होतो. काळं कवच का लागलं, ते तिथेच उभ्या उभ्या कळलं.

११ जाने., रवि.
कात्रज. दार दि.नेच उघडलं. माझं तोंड बघून खुर्चीत बसला आणि मी विचारायच्या आत सांगायला लागला.
"स्टोअरमध्ये होतो. किनाऱ्यावर. चादरी, उशा, बूट द्यायचो पोरांना. निवडीच्या वेळी एकदा आत नेलं होतं. वरचं झाकण लागलं आणि मी किंचाळलो. पाच मिनिटांत बाहेर काढलं."
"आणि बत्तीस वर्षं मला...?"
"पहिल्या दिवशी तूच विचारलंस, पाणबुडीवर होतास का. मी हो म्हणालो. मग तू रोज विचारायला लागलास."
म्हणजे चूक माझी! वा. चोराच्या उलट्या बोंबा.
म्हटलं, "फसवलंस मला, दिग्या." शैलावहिनी दारात उभ्या होत्या, त्यांना लग्नापासून ठाऊक. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहितेय, भाऊजी." सगळ्या जगाला माहीत, एक मी सोडून.
थापांचं एक वेळ जाऊ दे. पण मी भिंत कापत होतो तेव्हा समोर बसून बघत होता. तेव्हा तरी थांबवायचं. कांद्याचा वाससुद्धा खोटा.

१४ जाने., बुध. संक्रांत
सु.चं हळदीकुंकू. शैलावहिनी आल्या, वाण घेतलं, जाताना जुन्या साडीच्या फडक्यातलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. पारदर्शक कवच. एक ओरखडा नाही. सोबत तिळगुळाची पुडी. "ह्यांनी दिलंय. फोन वाटला तरच करा म्हणालेत."
पुडी फ्रीजवर ठेवली. गोड बोलायची ताकद नाही.
बायका गेल्यावर सु. म्हणाली, "एक विचारू? त्या गोष्टी ऐकताना तुम्हाला मजा यायची की नाही?"
मी कपबश्या गोळा करायला लागलो. यायची. त्या नोकरीत सकाळपासून वाट बघावी असं डब्याची सुटी सोडून काही नव्हतं. म्हणून तर इतकं लागलंय.

१७ जाने., शनि.
बारीक दात्यांची करवत आणली. जिथे शिवण असावी तिथे पेन्सिलने रेघ आखली. कापलं तर रंग जाणार, आणि दि.च्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. नाही कापलं तर चुकीचं स्वयंपाकघर चुकीच्या जागी, जन्मभर. आणि ते कापून तिथे नेलं मीच.
फिरवून बघायला पाणबुडी उचलली तर आत खुळखुळलं. एकच, हलकं, पुढच्या बाजूला. कान लावला. पुन्हा हलवली.
सु. बघत होती. "काय ऐकताय?"
"दिगू पडलाय बंकवरून."
तेव्हा पाच मिनिटांत बाहेर काढलं होतं म्हणे. इथे पंधरवडा उलटून गेला.
करवत टेबलावर. पुडी फ्रीजवर.