सहाव्या पाकिटाची व्यवस्था

मी, उल्हास श्रीधर गानू, वय ५७, बी.कॉम., राहणार मलिंगार, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना याविषयी शंका आहे त्यांच्यासाठी कलम ३ आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक व बियाण्यांच्या धंद्यातील माझा भागीदारीचा हिस्सा पत्नी विभावरी हिला. फ्रिजचा खालचा कप्पा मी बियाण्यासाठी सहा वर्षे अडवला, याबद्दल तिची क्षमा मागतो. तो आजपासून मोकळा आहे.

२. बियाणे तोलण्याचा काटा व पितळी चाळण्या मुलगी रेवा हिला. ती मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, पण काटा शून्यावर आणल्याशिवाय वजन करत नाही.

३. मेहुणा व भागीदार यशोधन यास काहीही नाही. कारण नोंदवणे आवश्यक आहे. कुमाऊँच्या सहा गावांतून भांगेचे सहा देशी वाण आम्ही रीतसर परवानगीने आणले. प्रत्येक वाण त्या त्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेला. भांगेचे परागण वाऱ्याने होते, हे मला वाणिज्य शाखेत शिकवले नव्हते. कृषी पदवीधर यशोधनला शिकवले होते. तरी मी पुण्यात असताना त्याने पाच वाण एकाच टनेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या लांबट मांडवात, शेजारी शेजारी लावले. सगळ्यांचा एकमेकांशी संकर झाला, पाचही संपले. मी जाब विचारला तेव्हा म्हणाला, "मिक्स झालं तर बिघडलं कुठे, भाऊजी? इट्स ग्रँड! दिसायला सगळं सारखंच!" पुढे तीच भेसळ त्याने 'शुद्ध हिमालयी' म्हणून पाकिटांत भरली. तेव्हा आलेली किळस अद्याप गेलेली नाही. माझ्या गॅरेजमधली ती खोकी त्याने घेऊन जावीत. अंत्यविधीला टनेलमधून थेट येऊ नये. स्वेटरला पराग चिकटतो, तो बदलून यावे.

४. सहावे पाकीट उगवण चाचणीसाठी माझ्या घरी होते, म्हणून वाचले. पहिल्या वर्षी सहाही वाणांची थोडी थोडी रोपे वेगवेगळी लावून पाहिली होती; इथल्या ओल्या सप्टेंबरात इतर सर्वांचे शेंडे बुरशीने काळे पडले, तेव्हा हाच एक वाण निरोगी राहिला होता. नवे वाण घडवणाऱ्याला हा गुण हवा असतो, आणि तो कुठून आला हे ठाऊक असावे लागते. मसुद्यात हे पाकीट मी मेनूथच्या विद्यापीठात भांगेवर संशोधन करणाऱ्या तन्वी हिच्या नावे ठेवले होते. मसुदा वाचून ती म्हणाली, "काका, तुम्ही अजून तीस वर्षं जगलात तर मी काय पेरणार?"

मी वीस बिया भिजवल्या. गेल्या वर्षी बारा उगवल्या होत्या, यंदा सात.

सबब हे कलम मी रद्द करीत आहे. पाकीट व त्या वाणाची नोंदवही आज सकाळी तन्वीच्या हाती दिली. अटी दोन: हा वाण एकटाच पेरावा, आणि पहिल्या पिकातले निम्मे बी, रीतसर परवानगी काढून, ज्या गावाने दिले त्या गावाला परत पोचवावे.

मृत्युपत्राने ज्याला काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. तन्वीला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. म्हणून पहिली सही तिची.

साक्षीदार:
१. तन्वी अनंत करमरकर, मेनूथ
२. ज्ञानेश वसंत देवस्थळी, शेजारी, मलिंगार

दोघांच्या समक्ष सही:
उल्हास श्रीधर गानू
मलिंगार, ८ मार्च २०२५