वर्षातून एकदाच छाटायचं गवत

प्रिय चिमणे,

फोन सोडून बाबांनी पत्र कसं काय धाडलं, असं तुला वाटेल. फोनवर बोलायला लागलो की तुझी आई शेजारी येऊन बसते, आणि मला नेमकं तिच्याबद्दलच बोलायचंय.

तिचं तुऱ्यांचं गवत आठवतं ना? लोक गवत उपटायला माणूस लावतात आणि आमच्याकडे विकत आणून लावतात, असं मी पाहुण्यांना सांगायचो. मग पाहुणे गेले की ती मला बागेत पाणी घालायला पिटाळायची. एकदा लावलं की वर्षानुवर्षं त्याच ठोंबातून उगवणारं गवत ते. थंडी सरली की वाळलेलं सगळं वीतभर ठेवून छाटायचं, वर्षातून एकदाच. मग खालून हिरवे फुटवे येतात.

यंदाही तिने छाटलं. थोड्या दिवसांनी पुन्हा छाटलं. आता रोज चहा झाला की मोठी कात्री घेऊन बागेत जाते आणि वर आलेला प्रत्येक फुटवा कापते. अगं, कालच छाटलंस, असं सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. कात्री माळ्यावर लपवली, तर स्वयंपाकघरातली घेऊन गेली आणि बोट कापून आली. तीही काढून घेतली, तेव्हा ओट्याशी उभी राहून रडली. जुनं काढलं नाही तर नव्याला उजेड कसा मिळणार, म्हणत होती. शेवटी मीच मोठी कात्री खाली काढून तिच्या हातात दिली. डॉक्टर म्हणतात, हे विसरणं आता वाढतच जाणार. मी हात टेकलेत गं.

एकेक करत सगळे ठोंब गेले. कोपऱ्यातला तेवढा राहिला होता. तू नव्या घरी निघालीस तेव्हा कुदळीने त्याचे दोन भाग करून, एक तिने मातीसकट तुझ्या मांडीवर ठेवला होता, तोच. परवा तोही वाळला. ती त्याच्यासमोर बसून मला म्हणाली, "अहो, हे फुटत का नाही? माझं काही चुकलं का?" मी उगाच नळ सोडला.

तुझ्याकडचा भाग तगला असेल तर त्यातला तुकडा पाठव, एवढंच लिहायला बसलो होतो. पण तो लावला तरी ती कापणार, आणि मी बघत उभा राहणार. गवत नको. तूच ये. तुला ती अजून विसरलेली नाही, तोवर ये.

तुझाच,
बाबा