टिकल्याचा गोग्रास

पंचवटी, नाशिक
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. यशू,

आशीर्वाद. विश्वेशरावांचा दमा या पावसाळ्यात फार उसळला नसेल अशी आशा करतो. स्वरदाची सहामाही कधी आहे ते कळव.

हातानं लिहिलेलं पत्र पाहून दचकू नकोस. खालच्या मजल्यावरची चैताली उद्या पहाटेच्या गाडीनं पुण्याला कामावर परत जाते आहे. तुझ्याकडे पोचवते म्हणाली, म्हणून लिहायला बसलो.

इकडचं सगळं नेहमीसारखं. कुंभाच्या कामांसाठी रस्ते उकरून ठेवलेत, रिक्षावाला दारापर्यंत येत नाही. पितृपंधरवड्यामुळे रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते. जयराम सगळे यजमान एकटा सांभाळतो; पुतण्या असला तरी मुलाच्या जागी उभा राहिला. मी यंदा घाटावर जात नाही. गुडघे फार दुखतात.

आता मुद्द्याचं. टिकल्या आजारी आहे. कालपासून त्यानं तोंडात काही घेतलेलं नाही. स्वरदाला एवढ्यात बोलू नकोस.

मे महिन्यात विश्वेशरावांना त्याच्या केसांचा त्रास व्हायला लागला आणि तुम्ही त्याला इथे ठेवून गेलात, तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. ‘माझ्या सोवळ्यात हा ससा कुठे बसवू?’ म्हणालो होतो. जन्मात कधी मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. पण स्वरदानं फोनवर माझी शिकवणीच घेतली. ‘आजोबा, गवत, गवत आणि गवत! बाकी सगळं नुसता खाऊ.’ शिकलो मी. रागावला की तो मागचा पाय फरशीवर आपटतो, खुशीत असला की हवेत वाकडी उडी मारतो. स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडायला घेतली की बैठकीतून धावत येतो. मी पूजेला बसलो की पाटाला टेकून पसरतो. सोवळ्याचं काय झालं ते विचारू नकोस.

काल सकाळी तो कोपऱ्यात अंग फुगवून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजत होते. पिंजऱ्यात लेंड्या नव्हत्या. कोथिंबीर पुढे धरली तर तोंड फिरवलं. टोपलीत घालून कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. तरुण मुलगी आहे. तिनं पोट चाचपलं.

“आतडं थांबलंय याचं. काय घालता खायला?”

“गवत.”

“आणि?”

“थोडी पोळी.”

“पोळी? कोरडी की तूप लावून?”

“तूप आणि गूळ. परवा खीर आणि वडा. आमच्याकडे वडिलांचं श्राद्ध होतं.”

“आजोबा, ससा आहे हा. अधिक महिन्यातला जावई नव्हे!”

तिचा मदतनीस हसला, मीही हसलो. मग ती गंभीर झाली. इंजेक्शन दिलं, एक हिरवी भुकटी दिली. ती पाण्यात कालवून दर तीन-चार तासांनी सिरिंजनं पाजायची, पोट हलक्या हातानं चोळायचं. सोमवार सकाळपर्यंत पोट चालू झालं नाही तर पुन्हा आणा, सलाइन लावावं लागेल, म्हणाली. ‘ससे फार वाट बघत नाहीत, आजोबा.’

आता ती पोळी कुठून आली ते लिहायला हवं.

तव्यावरची पहिली पोळी गाईची, हे तू लहानपणापासून पाहिलंस. इथे गाय दारात येत नाही, म्हणून तुझी आई रोज खाली कोपऱ्यावर जायची. तिथे धोंडाबाई गाय घेऊन बसते, तिच्या गाईला गोग्रास द्यायचा आणि यायचं. श्रावणात मी ते बंद केलं. रस्ते खणलेत, पडशील, म्हटलं. टिकल्यालाच देत जा. तोही गवत खाणारा जीव आहे, शास्त्राला चालतं. कुठल्या शास्त्राला, कोण जाणे. इतकी वर्षं लोकांना विधी सांगितले, त्यात मनानं रचलेला तेवढाच एक. ती मात्र मनापासून करू लागली. त्याच्यापुढे पोळी ठेवून नमस्कार करायची.

एका घासानं एवढं झालं नसतं, हे तुला कळेलच. एक घास नव्हता तो.

पोळी दिली की थोड्या वेळानं ती म्हणते, ‘अहो, गोग्रास राहिलाच की!’ आणि पुन्हा कणीक मळायला घेते. मी आधी सांगायचो की आत्ताच दिलास. मग तिचा चेहरा पडायचा. ‘मी काय खोटं बोलते?’ म्हणून रडायची. म्हणून मी सांगणं सोडलं. ती देत राहिली आणि मी बघत राहिलो.

रस्त्यांचं कारण खरं नव्हतं, यशू. श्रावणात ती पोळी घेऊन खाली गेली ती दुपारपर्यंत परत आली नाही. निमाणी स्टँडवर बाकावर बसलेली सापडली. पोळी हातात तशीच होती. गुडघ्यांचंही खरं नाही. गुडघे ठणठणीत आहेत. तिला सोडून मला घाटावर जाता येत नाही.

गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, ‘बाबा, आई आज किती छान बोलली!’ मी शेजारी उभा राहून तिला एकेक वाक्य सांगत होतो. स्वरदा कशी आहे विचार. जेवलात का विचार. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, ‘गोड बोलते हो मुलगी. कुणाची?’

म्हणून हे फोनवर सांगता येत नाही. ती सतत माझ्या शेजारी असते. आत्ताही आहे.

आजचं सांगतो, मग थांबतो.

सकाळी टिकल्याला पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि सिरिंज तोंडाला लावली. आई धावून आली. ‘मुक्या जिवाला का छळताय? पाप लागेल!’ माझा हात ओढला, सगळं औषध सांडलं. तिला समजावलं, पुन्हा कालवलं, तर तिनं सिरिंज खेचून गॅलरीतून खाली फेकली. मी खाली जाऊन शोधून आणली, तोवर तिनं त्याच्यापुढे तूप-गुळाची पोळी ठेवली होती आणि ‘खा रे बाळा, खा’ म्हणत त्याच्या तोंडात घास कोंबत होती. तो थरथरत होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुपारी मी तिला आतल्या खोलीत नेलं. जरा पड म्हटलं. बाहेर आलो आणि दाराला कडी घातली.

आधी तिनं ‘अहो’ म्हणून हाक मारली. मग दार वाजवायला लागली. मग ‘आई, दार उघड गं’ म्हणाली. मी टिकल्याला पाजत होतो. थोडं त्यानं गिळलं, बाकीचं छातीवर ओघळलं. शेवटी आतून अगदी आदबीनं आवाज आला, परक्याच्या घरी विचारावं तसा. ‘कोणी आहे का हो बाहेर?’

मी त्याचं पोट चोळत राहिलो.

दाराचा आवाज ऐकून चैताली वर आली. “काका, काय झालं?”

“कडी अडकली.”

तिनं कडी सहज काढली. आई तिचा हात धरून बाहेर आली आणि म्हणाली, ‘बरं झालं आलीस, चहा टाकते.’ चैताली चहा पिऊन गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. जिन्यात थांबून एवढंच विचारलं, “ताईला काही द्यायचंय का?”

संध्याकाळी जयरामला फोन केला. उद्या सकाळी तासभर घरी येऊन बस, सशाला दवाखान्यात न्यायचंय, म्हणालो. तो हसला. ‘काका, सशासाठी बाहेरगावचे यजमान कुंडावर ताटकळत ठेवू? दुपारी येतो.’ खरं कारण सांगितलं असतं तर सगळं टाकून आला असता. आई शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी फोन ठेवला. तिला बरोबर नेणंही जमत नाही. काल परत येताना सिग्नलला रिक्षा थांबली तशी ती उतरून चालायला लागली. टोपली सीटवर टाकून मी गाड्यांमधून तिच्यामागे धावलो.

तेव्हा उद्या दुपारी जयराम येईपर्यंत मी घरीच असेन. पंच्यात धरून जमेल तेवढं पाजीन. चैताली हे पत्र तुझ्या हातात देईल तोवर टिकल्याचं जे व्हायचं ते झालेलं असेल. स्वरदानं विचारलं तर आजोबांची चूक झाली, असं सांग. आजीचं नाव काढू नकोस. तिला पोळी द्यायला मीच सांगितलं होतं.

रजा मिळते का बघते, शनिवारी येते, असं करू नकोस. टिकल्या जगला असला तरी ये. गेला असला तरी ये. सशापायी मी आज कडी घातली. घालण्याआधी क्षणभर थांबलो होतो. पुढच्या वेळी थांबेन याची मला खात्री नाही.

हात जोडून,
तुझे बाबा