गोळी दंडाला लागली

हॉलिवूड, मार्च १९५८

प्रिय आई,

मी धडधाकट आहे. तुझा गुडघा काय म्हणतोय?

पण काउबॉय मालिकेच्या दिग्दर्शकाला परस्पर पत्र कशाला धाडलंस? 'माझ्या ऑर्व्हिलला दर वेळी का मारता?' म्हणे! तो विरघळला. गोळी माझ्या दंडाला लागली आणि रवानगी तुरुंगात झाली.

अगं, मेलेला दरोडेखोर महिन्याभरात मिशी चिकटवून, नवं नाव घेऊन परत येतो. तुरुंगातल्याला कोण बोलावणार? तेव्हापासून घरीच बसलोय. लोकांचं हातावर पोट असतं, माझं मरण्यावर आहे!

आता तूच निस्तर. त्याला आजच लिही, 'माझ्या पोराला खुशाल मारा.' आणि मी मरताना टीव्ही बंद करत जाऊ नकोस. तेवढंच एक मला झकास जमतं, आणि ते तू कधी पाहिलंच नाहीस.

तुझ्या कृपेने जिवंत,
ऑर्व्हिल