गुलाबी की नारिंगी

१८ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय भावोजी,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं आणि कपाटभर जुनी टपाल तिकिटं, सगळे मजेत. धाकट्या जाऊबाईंचा खोकला गेला का? त्यांना म्हणावं, गार पाणी बंद करा.

बातमी अशी, की तुमच्या दादांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दचकू नका, झकास झालं. पट्टी सुटल्यापासून यांनी घर डोक्यावर घेतलंय. "अगं, भिंतींना पांढरा रंग कधी दिलास?" म्हणे. भिंती पांढऱ्याच होत्या. पडदे निळे असल्याचा शोध लागला. माझा स्वेटर जांभळा आहे हे कळल्यावर तर मला खिडकीत उभं करून भिंगातून तपासलं. छपाईत चुकलेलं तिकीट तपासावं तसं! लग्नानंतर इतकं निरखून मला कुणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी अल्बम निघाला. खिडकी उमटायची राहिलेलं दीपगृह, दोनदा आकडा छापलेलं जहाज, एका कडेला दातेरी कापच न पडलेला पक्षी, सगळ्यांची नव्यानं विचारपूस झाली. मी समोर भाजी चिरत होते. बघते तर हे एकदा डावा डोळा मिटतात, एकदा उजवा. पुन्हा डावा. या वयात मला डोळा मारतायत की काय, म्हणून मी चक्क लाजले हो!

कसलं काय. पुढ्यात तुमचं तिकीट होतं.

नारिंगी दीपगृहांच्या ओळीतलं ते एक. तुम्ही म्हणाला होतात, छापखान्यात शाई बदलली गेली म्हणून हे गुलाबी आलंय, असं हाती लागत नाही. हे म्हणाले, बाकीच्यांसारखंच नारिंगी आहे, दुकानदारानं तुला गंडवलं. शब्दानं शब्द वाढला. "दादा, आधी डोळे तपासून घे," म्हणालात आणि तिकीट टेबलावर टाकून जे गेलात, ते चार वर्षं फिरकला नाहीत. तुमचंही चुकलंच. रागावून जायचं, पण जेवून जायचं.

तर आता गंमत ऐका. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ते तिकीट गुलाबी दिसतं. राहिलेल्या डोळ्याला नारिंगी. एक डोळा तुमच्या बाजूचा, एक यांच्या! मी पोट धरून हसले. हेही हसले, आणि मग यांनी अल्बम मिटून ठेवला.

खरं सांगू? एवढी गंमत कळवायला मी कागद घेतला नव्हता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायला हे तयार नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, फार लांबवू नका, दोन डोळ्यांत एवढा फरक असला की अंतराचा अंदाज चुकतो. परवा चहा कपाऐवजी हातावर ओतून घेतला. काल जिन्याची शेवटची पायरी चुकली. मी होते म्हणून दंड धरला. कारण विचारलं तर म्हणतात, "हाही डोळा त्याच्या बाजूला गेला, तर माझ्या बाजूनं कोण उरलं?" यावर हसायचं की कपाळावर हात मारायचा?

तुम्ही डोळे तपासून घे म्हणालात, म्हणून तर हे एवढी वर्षं डॉक्टरकडे गेले नाहीत. डावा डोळा पार धुरकटला तेव्हा कुठे हलले. तुम्ही म्हणालात म्हणून अडलंय, ते तुम्हीच म्हणालात तर सुटेल. माझं ऐकत नाहीत, भावोजी. मला फार काळजी वाटते, आणि तुमची आठवणही येते. या ना.

हे पत्र यांच्या नकळत लिहीत होते. पण आता नवा डोळा माझ्या खांद्यावरून सगळं वाचतोय! म्हणतात, तिकिटाबद्दल एक ओळ मला लिहू दे. मी उठते, दूध उतू जायला आलंय.

तुमची,
वहिनी

---

बाळ्या,

तिकीट गुलाबी आहे. चांगलं ठसठशीत गुलाबी. मान्य. ते टपालानं पाठवणार नाही, न्यायला ये.

बाजूबिजू सगळ्या थापा आहेत. ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर नुसता पडून राहिलो होतो. दिव्याशिवाय काही दिसत नव्हतं, आणि वाटत होतं, दिवा गेला तर? पुन्हा आत जायची मला भीती वाटते. तू बाहेर बसलेला असलास तर जाईन. पुढच्या आठवड्यात गुरुवारची वेळ मिळते असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, ती आजच सांगून ठेवतो.

हिला यातलं काही कळायला नको, म्हणून पाकीट मीच चिकटवतोय.

वाट बघणारा,
दादा