बाळंतिणीचं कढत पाणी

प्रिय तनुजा,

लोकांचे जावई सासूला साडी पाठवतात, न्हाईतर आंब्याची पेटी. तुझ्या नवऱ्यानं मला न विचारता टेम्पोतून माणसाएवढं मशीन पाठवलं. वर मेसेज टाकला, हीट पंप बसला की कळवा, मग तनुजाला बाळंतपणाला आणून सोडतो. म्हणजे माझी लेक माझ्या घरी यायची का न्हाई, हे आता एक डबडं ठरवणार. ते आठ दिवसांपासून व्हरांड्यात उभं हाय. येणारा-जाणारा विचारतो, फ्रिज घेतला का. मी तुला फोन केला तर तू तो स्पीकरवर टाकलास. मी तोंड उघडलं की मागून जावईबापूंचा खोकला. म्हणून लिहून राहिले. चौथी शिकलेली बाई, अक्षर वाकडं हाय, पण कागद स्पीकरवर टाकता येत न्हाई.

तुमचा फिटर वीरण्णा येऊन गेला. देगलूरकडचा हाय, अम्मा अम्मा करतो, माणूस वाईट न्हाई. पण मला म्हणे, गॅसचा गिझर काढायचा, हे मशीन हवेतली गरमी ओढून पाण्यात घालतं आणि गार हवा मागं सोडतं. मी म्हटलं, मग मे महिन्यात नांदेडची हवा ओढून ओढून फुटंल की हे. तो म्हणाला, उन्हाळ्यात तर अजून जोरात चालतं. मी त्याला म्हटलं, उन्हाळ्यात कढत पाणी कोणाला पाहिजे, तुझ्या सासऱ्याला? टाकी तापायला दोन-तीन तास. त्यात लाईट गेली तर बसा हात चोळत. धुरपताबाईला मी तुझ्या मालिशीसाठी आत्ताच सांगून ठेवलंय, सव्वा महिना दुसरीकडं कुठं जायचं न्हाई म्हणून. तिला मशीन दाखवलं. तिनं टाकीवर हात मारला, जशी म्हशीच्या पाठीवर थाप, आणि म्हणाली, ह्यातलं पाणी भांडी विसळायला बरं. बाळंतिणीच्या पाण्यातून वाफ निघाली पाहिजे, अंग लाल झालं पाहिजे, तर कंबर धरती. वीरण्णा म्हणाला, एवढ्या कढत पाण्यानं कातडं सोलंल. मग त्या दोघांचं जे जुंपलं, मी मधे चहा करून आणला तरी थांबंनात.

आणि गॅसच्या गिझरनं तुमचं काय घोडं मारलं? तो यायच्या आधी मी तुझ्या न्हाण्यासाठी चूल फुंकत बसायची, डोळे सुजायचे. गिझर आला तेव्हा सगळ्यात जास्त कोण नाचलं होतं? तू. दहावीत होतीस. न्हाणीत शिरलीस की अर्धा तास बाहेर यायची न्हाईस, गाणी म्हणत खोलीभर वाफ करून बसायचीस. मी दार वाजवून बेजार. तेव्हा बरा होता गिझर. आता तुझं लातूरला लग्न झालं, मास्तरीण झालीस, तर आईच्या घरातलं सगळंच वाईट.

शेजारची जाहिदा तुला फोनवर सांगणारच हाय, तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, म्हणून मीच सांगते. ती रोज सकाळी बघती, मी स्वयंपाकघरातून पातेलं धरून न्हाणीकडं जाते. विचारलं तिनं, गिझर बिघडला का. मी म्हटलं, चांगला ठणठणीत हाय. मग पातेलं कशाला, म्हणे. मी म्हटलं, माझा हात, माझं पातेलं. दिवाळीपासून मी तो गिझर पेटवला न्हाई. ह्याचा अर्थ जावईबापूंचं खरं, असा काढू नकोस.

दिवाळीचं मी कधी बोलले न्हाई, तूबी न्हाई. तिसरा महिना होता तुझा. पहाटेचं अभ्यंग, मी तुझ्या डोक्यावर तेल घातलं आणि आत पाठवलं. दार वाजवलं न्हाई. म्हटलं, दिवस गेलेली लेक माहेरी आलीय, घेऊ दे निवांत अंघोळ. किती वेळ गेला कळलं न्हाई. मग कडी तोडली तर तू खाली, पाणी चालूच, गिझर चालूच. दवाखान्यात पोटातलं गेलं. डॉक्टरीण म्हणाली, पहिल्या महिन्यांत होतं असं कधी कधी, कोणाचा दोष नसतो. मी ते शब्द धरून बसले. पण जावईबापू घरी आले, न्हाणीत शिरले, चारी भिंतींकडं बघितलं. खिडकी शोधत होते. खिडकी न्हाई त्या न्हाणीला, गिझरचा गॅस बाहेर जायला वाट न्हाई. बाहेर आले, तुझी बॅग उचलली आणि गाडीत टाकली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून तू फोनवर मला पाऊस विचारतीस, भाजी काय केली विचारतीस. आणि आता पुन्हा दिवस गेले, तर सातवा लागायच्या तोंडावर तोंडानं बोलायच्या ऐवजी मशीन पाठवलं.

मशीनसाठी मी हे पत्र लिहीत न्हाई. वीरण्णा रविवारी येतोय, बसवायचं तर बसवंल. गिझर भंगारात द्यायला मला एक मिनिट लागत न्हाई. पण मग तू येशील, नव्या पाण्यानं न्हाशील, बाळ होईल, सगळे पेढे खातील आणि जन्मभर सगळे गप राहतील. तसलं मला चालणार न्हाई. त्या पहाटे मी चकल्या तळत होते, बाहेर फटाके चालू होते. त्यात एकदा मला "आई" असं ऐकू आल्यासारखं झालं. मी झारा थांबवून कान दिला, पुन्हा आलं न्हाई, म्हणून घाणा काढत राहिले. आता सांग, तू हाक मारली होतीस का? हो का न्हाई, एवढंच लिही. मला बरं वाटावं म्हणून "न्हाई" असं लिहू नकोस, तुझं खोटं मला लहानपणापासून कळतं. नवऱ्याला विचारू नकोस, तो तिथं नव्हता. जाहिदाचे मालक जिलानीभाई हे पत्र घेऊन लातूरला बहिणीकडं येतायत, शनिवारी परत निघतील. शनिवारी त्यांच्या हातात तुझं उत्तर पाहिजे.

तुझीच,
आई