घंटा वाजवायची की नाही

नाशिक, २ डिसेंबर २०२५

चि. दिवाकर यास,

अनेक आशीर्वाद. फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. तू फोन स्पीकरवर ठेवतोस आणि वालीवचा तुझा सगळा कारखाना माझी गुडघेदुखी ऐकतो. आजची गोष्ट कारखान्याने ऐकण्यासारखी नाही.

विरारच्या जयवंतीबाईंनी तुला भेटायला होकार दिलाय. पोस्टातून नुकत्याच निवृत्त झाल्यात, मालक जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा अनुज नोकरीला आहे. बाई हसऱ्या, पण अटीच्या पक्क्या. घरी पोहे खात बसायचं नाही. डोंगराखाली ते नवं निसर्ग उद्यान झालंय ना, पायवाटा आणि मासे धरायची तळी असलेलं, तिथे चौदा तारखेच्या रविवारी सकाळी भेटायचं. आणि नातेवाईक एकही नको. एक जरी दिसला तरी तशीच रिक्षात बसेन, असं त्यांनी मला बजावलंय. पहिल्या वेळी त्यांना बघायला टेम्पो भरून माणसं आली होती आणि त्यातल्या एकानेही त्यांना काही विचारलं नव्हतं म्हणे.

तेव्हा तोंड बंद ठेव आणि तो पिवळा टी-शर्ट घालू नकोस. नेत्राला आशीर्वाद.

माया आहे म्हणून रागावते, हे ध्यानात असू दे.

तुझी,
यशोदाताई

ता. क. रमेशला तेवढं सांगितलंय. सख्ख्या चुलतभावाला वाईट वाटायला नको. तो कोणाला सांगणार नाही.

*

सांडोर, ६ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. रमेशला सांगितलंस म्हणजे वसईच्या बाजारात लाऊडस्पीकर लावलास. पण आता तुझ्यावर ओरडायची सोय नाही, कारण मलाही व्हॅलेरियनला सांगावं लागलं. शेजारधर्म म्हणून नाही, गळ त्याच्याकडे आहे म्हणून. त्याने क्रुसाची शपथ घेतली आणि मग विचारलं, की निदान घरच्या बाईला सांगितलं तर चालेल का.

त्या उद्यानातला नियम ऐकून मी गारच पडलो. मासा धरायचा आणि परत सोडायचा! वसईच्या माणसाला हे सांगणं म्हणजे पानावर बसवून पान उचलून नेणं. मोठा मासा लागला की काठावरची घंटा वाजवायची, राखणदार जाळी घेऊन धावत येतो, मासा अलगद सोडवतो आणि पाण्यात सोडतो.

ताई, चेष्टा बाजूला ठेवून एक लिहितो. कारखान्यात पंधरा यंत्रं चालू असली तरी कुठल्याचं बेअरिंग रडतंय ते मला केबिनमध्ये बसून कळतं. याच कानांवर मी धंदा उभा केला. पण नेत्राची आई गेली, मग पोर लग्न होऊन ठाण्याला गेली, तेव्हापासून घरी ऐकायला काही उरलं नाही. संध्याकाळी फ्रिज सुरू झाला की बरं वाटतं, कोणीतरी बोललं म्हणून. तेव्हा ही भेट फिसकटायला नको. बाईंसाठी घरची सुकेळी नेतोय, आपल्या बागेतल्या राजेळी केळ्यांची, मीच वाळवलेली.

पिवळा टी-शर्ट नेत्राने मागेच फरशी पुसायला काढलाय. तुझा लोभ आहेच, या खेपेस जरा जादा लागेल.

तुझा,
दिवाकर

*

सांडोर, १५ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सगळा बट्ट्याबोळ झाला. तरी हसू येतंय, काय करू!

बाई वेळेवर आल्या. निळी साडी, पायात चालायचे बूट. तिकीट माझं मी काढते म्हणाल्या आणि काढलंही. पहिल्या तळ्याशी बसतोय तोच उजवीकडच्या बांबूमागे वेफर्सचं पाकीट फुटलं. मग चपला करकरल्या. या करकरणाऱ्या चपला आपल्या रमेशच्या, गणपतीत घेतलेल्या. मी घाईने म्हटलं, की दुसऱ्या तळ्याचं पाणी निवळशंख आहे. त्या लगेच उठल्या.

दुसऱ्या तळ्याशी झुडपातून चर्चमधलं गाणं ऐकू आलं, नाकातल्या नाकात. व्हॅलेरियनला शपथ आठवते, तोंड मिटायचं आठवत नाही. मी म्हटलं, वरच्या पायवाटेवर पक्षी फार छान दिसतात. त्या पुन्हा लगेच उठल्या. अशी पायवाट मी जन्मात तुडवली नाही. दम लागला तरी त्यांचं बोलणं चालूच होतं. पत्त्यात नुसतं ‘विहिरीजवळ’ लिहिलेलं पत्रही त्या कशा पोचवायच्या ते सांगत होत्या. एक मात्र खरं, एवढ्या पळापळीत त्यांनी मला तीनशे प्रश्न विचारले आणि मी त्यांना चारशे.

तिसऱ्या तळ्याशी पोचलो तेव्हा कळलं की गळाला लावायचे कणकेचे गोळे पहिल्या तळ्यावरच राहिले. मी कपाळाला हात लावला. तर बाईंनी आपल्या हातातलं अर्धं खाल्लेलं सुकेळं मोडलं आणि म्हणाल्या, हे लावून बघा, माणसाला आवडलं ते माशालाही आवडेल. ताई, गळ पाण्यात पडला न पडला तोच कटला लागला! चांगला मांडीएवढा. काठी धनुष्यासारखी वाकली, मी गुडघाभर चिखलात.

आणि त्याच क्षणी माझ्या मागे तीन शिंका आल्या. लागोपाठ तीन, शेवटची लांबलेली. माझी नेत्रा! ठाण्याहून आली होती, जावयाला घेऊन.

आता घंटा वाजवली तर ही सगळी वरात बाहेर येणार आणि बाई रिक्षात बसणार. न वाजवावी तर मासा धापा टाकतोय. मी सरळ थाप मारली, की मासा नाही, गळ दगडात अडकलाय. दगड पाण्याबाहेर उडी मारून परत पडला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, उठल्या आणि घंटा अशी बडवली की अख्खं उद्यान जमावं.

राखणदाराच्या आधी रमेश पोचला, आणि त्याच्या हातात काय होतं माहीत आहे? वाटलेल्या हिरव्या मसाल्याचा डबा! मासा सोडायचा असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मागे व्हॅलेरियन, त्याची बायको, नेत्रा, जावई. सगळे ओळीने बाईंना नमस्कार करू लागले.

बाईंनी तोंडाला पदर लावला, काहीतरी काम आठवलं म्हणाल्या, पत्र लिहीन म्हणाल्या आणि भराभर फाटकाकडे गेल्या. पदराआड हसत होत्या की रडत होत्या, ते या कानांना कळलं नाही. कटला मात्र सुखरूप गेला.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस, सध्या तेवढाच हाताशी आहे.

तुझा,
दिवाकर

*

विरार, १८ डिसेंबर

श्री. दिवाकरराव यांस,

स. न. वि. वि. मी अशी उठून गेले त्याचा तुम्ही काय अर्थ लावला असेल, या विचाराने चार दिवस चैन नाही. म्हणून खरं लिहिते.

अट माझी होती आणि ती पहिल्यांदा मीच मोडली. माझी बहीण ज्ञानदा आणि अनुज, दोघं सकाळपासून आपल्या डावीकडच्या झाडीत होते. ज्ञानदाला कोणाला सांगू नको म्हटलं होतं, एवढंच माझं चुकलं. पहिल्या तळ्याशी ज्ञानदाच्या डब्याचं झाकण दगडावर आपटलं. दुसऱ्याशी अनुजचा फोन वाजला. पायवाटेवर ज्ञानदा घसरून पडली आणि मोठ्याने आई गं म्हणाली. यशोदाताईंनी तुमच्या कानांची एवढी कीर्ती सांगितलेली, आता पकडले जाणार असंच वाटे! तुम्ही उठू या म्हणालात की मी सुटले असं वाटायचं. घंटा वाजवली ती माशासाठी, आणि थोडी ज्ञानदासाठी. तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्या आवाजात तिला उठता यावं म्हणून. पळाले ते ज्ञानदा बाहेर यायच्या आत तिला रिक्षात कोंबायला. आणि पदराआड मी हसत होते. त्या मसाल्याच्या डब्याला हसत होते.

पण काल यशोदाताईंनी फोनवर तुमची बाजू सांगितली तेव्हा एक लक्षात आलं. उजवीकडची तुमची माणसं तुम्ही चपलांवरून, गाण्यावरून, शिंकेवरून ओळखलीत. डावीकडे एवढा गोंधळ चालला होता, त्यातलं तुम्हाला काहीच कळलं नाही. त्या बाजूला मी चालत होते आणि बोलत होते.

मला दुसरं काही बघायचं नाही. अट मागे घेते. येत्या रविवारी दोन्हीकडचे सगळे उघडपणे येऊ देत, मसाला घरी ठेवून. सुकेळी मात्र जास्त आणा, एक माशासाठी धरा. घंटा या वेळी तुम्ही वाजवायची.

लोभ असावा, हे आता वेगळं मागत नाही.

आपली,
डावीकडची
जयवंती